भग्न भिंतींवर हक्क कोणाचा?

उन्हाळ्याची सुटी लागली की आपल्या धर्मग्रामांतून सहली निघतात. कोणी वसईच्या किल्ल्यात जाते, कोणी जुन्या गोव्यात. तरुण मंडळी पाठीवर पिशव्या टाकून डोंगर चढतात. हे चांगलेच आहे. परंतु परतल्यावर दोन वाक्ये हटकून कानी येतात. ‘केवढे वैभव होते आमचे!’ हे पहिले, आणि ‘ते आम्हांला परत मिळायला हवे,’ हे दुसरे. पहिले वाक्य अर्धसत्य आहे, दुसरे धोक्याचे. दोन्हींचा प्रतिवाद व्हायला हवा.

अंधेरीच्या सीप्झ वसाहतीत संत योहान बाप्तिस्ता याचे भग्न ख्रिस्तमंदिर उभे आहे. येशूसंघीयांनी १५७९ साली कोंडिविटे गावी ते बांधले. १८४० मध्ये साथीच्या रोगाने गाव उठले आणि लोक मरोळला गेले. जाताना त्यांनी वेदी नेली, मूर्ती नेल्या, बाप्तिस्म्याचे कुंडही नेले. भिंती मात्र तेथेच राहिल्या. पुढे १९७३ साली त्या जागेभोवती निर्यात क्षेत्राचे कुंपण पडले. ज्यांना जीव वाचवून पळायचे होते, त्यांना काय उचलावे आणि काय टाकावे हे अचूक कळले होते. त्यांच्या वंशजांना ते कळू नये?

वसईचे पाहा. मे १७३९ मध्ये किल्ला चिमाजी आप्पांच्या हाती आला आणि पोर्तुगीज सत्ता संपली. तेथील घंटा मराठ्यांनी नेल्या; त्यांतली एक आजही नाशिकच्या नारोशंकराच्या मंदिरात आहे. मठ ओस पडले, छपरे कोसळली. पण वसईचा ख्रिस्ती समाज संपला का? शेतात, वाडीत, मासेमारीच्या होडीवर त्याची श्रद्धा टिकली. वैभव गेल्यावरही जे उरले, ते खरे आपले. किल्ल्यातील कमानी राजसत्तेच्याही होत्या, हे विसरून ‘आमचे वैभव’ म्हणणे म्हणजे दुसऱ्याच्या दागिन्यांवर मिरवणे होय.

आता बोरिवलीला मंडपेश्वरी या. येथे मात्र पुष्कळांची जीभ अडखळते. ही शैव लेणी, सुमारे सहाव्या शतकातील मानली जातात. सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन मिशनरी फादर अंतोनियो द पोर्तो यांच्या काळात गुंफेचे ख्रिस्तमंदिर झाले आणि वरच्या अंगाला मठ उभा राहिला. त्या मठाच्या छप्परहीन भिंती आजही दिसतात. खाली गुंफेत नटराजाचे शिल्प आहे, आणि एका भिंतीवरचे जुने शिल्प तासून कोरलेला क्रूसही आहे. तो क्रूस पाहून ज्याला केवळ अभिमान वाटतो, त्याने क्रूसाचा अर्थ पुन्हा शिकावा. कालवारीवरचा क्रूस दुसऱ्याच्या देवघरात बळाने शिरला नव्हता.

म्हणूनच ‘परत द्या’ ही भाषा आपल्या तोंडी शोभत नाही आणि परवडतही नाही. १९९१ च्या उपासनास्थळ कायद्याने १५ ऑगस्ट १९४७ रोजीचे धार्मिक स्वरूप कायम राखले. पण १९५८ च्या कायद्याखालील प्राचीन स्मारके त्याने वगळली आहेत. देशभर जमीन उकरून जुने हिशेब मागितले जात असताना, मूठभर संख्येच्या समाजाने तीच कुदळ हाती घ्यावी काय? आज एका भिंतीवर आपण दावा सांगू; उद्या त्याच न्यायाने आपल्या अंगणात दावेदार उभा राहील.

‘मग काय, पडू द्यायच्या भिंती?’ असा प्रश्न येईल. मुळीच नाही. अमेरिकेतील ॲरिझोनाच्या वाळवंटात तुमाकाकोरी येथे स्पॅनिश मिशनचे अवशेष आहेत. १६९१ मध्ये येशूसंघीय फादर किनो तेथे पोहोचले होते. १९०८ साली ती जागा राष्ट्रीय स्मारक झाली. पडझड थांबवली, पण चर्चचा अपुरा राहिलेला मनोरा कोणी पूर्ण केला नाही. तेथून तुबाकपर्यंत नदीकाठाने सुमारे ६ किलोमीटरची पायवाट आहे. लोक ती चालतात. मिशनऱ्यांच्या कष्टांबरोबर १७५१ चा पिमा लोकांचा उठावही त्या भूमीच्या इतिहासात सांगितला जातो. अवशेष राखणे म्हणजे त्यांना सर्व सत्य सांगू देणे.

आपल्या हाती आहे ते आधी करू या. सीप्झमधील ख्रिस्तमंदिरात वर्षातून एकदा मिस्सा होते. तिला धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांना न्या आणि मरोळला जाऊन ते बाप्तिस्म्याचे कुंडही दाखवा. उपवासकाळातील एखाद्या शनिवारी मंडपेश्वरी चालत जा. शिवलिंगापुढे कोणी फुले वाहत असेल, तर पादत्राणे काढून, आवाज खाली ठेवून उभे राहा. भिंतींवर नावे कोरणाऱ्या आणि खाण्याची वेष्टने टाकणाऱ्या आपल्याच मुलांना तेथल्या तेथे टोका. जुन्या दगडांची डागडुजी पुरातत्त्व खात्याने करावी म्हणून अर्ज जरूर करा. मात्र त्या अर्जावर शेजारच्या हिंदू बांधवांचीही सही असू द्या.

पूर्वजांनी आपल्याला भिंती दिल्या नाहीत. त्यांनी कुंड दिले. त्यातले पाणी आटू नये, एवढाच आपला हक्क आणि तेवढीच आपली जबाबदारी.