वडील काय करतात?

आमचं कर्जत अहिल्यानगर जिल्ह्यातलं, रायगडातलं नव्हे. मागच्या महिन्यात एका रविवारी असरच्या नमाजनंतर आम्ही मोहल्ल्यातले वीसेक जण एका ओसरीवर जमलो. बाया होत्या, शाळकरी मुलं होती. समोर आपल्यातलेच तीन कलाकार: बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारे एक भाई, नात म्हणणारे आणि पेटी दुरुस्त करणारे दुसरे, आणि तमाशाच्या फडात वर्षानुवर्षं ढोलकी वाजवलेले एक चाचा. हारतुरे नव्हते, माईक नव्हता. विचारायचं आणि ऐकायचं, एवढंच ठरलं होतं.

सातवीतल्या एका मुलानं विचारलं, "चाचा, नवीन काही तुम्हाला सुचतं कसं?"

चाचा म्हणाले, "बसून सुचत नाही, बेटा. नाचणारीनं पाऊल बदललं की बोटांना बदलावंच लागतं. रियाज असेल तर त्यातून नवं निघतं, नसेल तर ताल सुटतो." पावसाळी हवेत चामडं सैल पडतं, आवाज उतरतो, आणि ते आधी कानाला कळावं लागतं, हेही त्यांनी सांगितलं. मुलं डोळे मोठे करून ऐकत होती.

मग एका खालांनी सहज विचारलं, "घरात कुणाला शिकवलंत का?" चाचा थोडा वेळ गप्प बसले. म्हणाले, "मुलीची सोयरीक जमवताना कागदावर ‘वडील: शेती’ लिहिलं. पाहुणे येणार म्हणून ढोलकी माळ्यावर टाकली. ती अजून तिथंच आहे."

कुणी काही बोललं नाही. ‘वडील काय करतात?’ असं विचारणाऱ्या पाहुण्यांत आम्हीही बसलेलो आहोत.

संगीताबद्दल आपल्यात मतभेद आहेत. उलेमांचीही मतं एकसारखी नाहीत. कुणी वाद्य अजिबात नको म्हणतं, कुणी दफपर्यंत थांबतं, कुणी कव्वालीत रमतं. तो निवाडा करायला आम्ही बसलो नव्हतो आणि तो आमचा अधिकारही नाही. पण एखादी गोष्ट आपल्याला पसंत नसणं वेगळं आणि ती करणाऱ्या माणसाला आपल्याच मोहल्ल्यात मान खाली घालायला लावणं वेगळं. चाचांनी घामाची कमाई खाल्ली, मुलींना शिकवलं. मग लपवायचं काय?

ज्यांनी लपवलं नाही, त्यांची नावं महाराष्ट्र घेतो. शेजारच्या श्रीगोंद्याचे शेख महंमद यांनी ‘योगसंग्राम’ मराठीत लिहिला. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल बसवर क्लीनर होते, गिरणीत कामगार होते. तेच पुढे शाहीर अमर शेख झाले आणि संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांच्या आवाजानं मैदानं भरली. मिरजेत हत्यारांना धार लावणारे शिकलगार एकोणिसाव्या शतकात तंबोरे आणि सतारी घडवू लागले. आज ‘सतारमेकर’ हेच तिथल्या घराण्यांचं आडनाव आहे. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यासाठी लागणारे मोठे भोपळे पंढरपूर-मंगळवेढा भागातून येतात. आपल्या तालुक्यातल्या सिद्धटेकवरून वाहणारी भीमाच पुढे त्या भागाला पाणी देते. म्हणजे हे हुनर आपल्याला फार लांबचं नाही.

शाळेत आम्ही मुलांना कवीचा परिचय पाठ करायला लावतो. जन्म, गाव, ग्रंथसंपदा. पण गल्लीतल्या कलाकाराचे उस्ताद कोण, पहिली बिदागी किती मिळाली, हे मुलांना ठाऊक नसतं. तो माणूस गेला की विचारायचं कुणाला?

म्हणून वाचक भाऊ-बहिणींना एवढीच विनंती. आपल्या गावातल्या एका कलाकाराला या महिन्यात घरी चहाला बोलवा. मग तो बँडवाला असो, सनईवाला असो की मेंदीची नवी नक्षी काढणारी खाला. मुलांना समोर बसवा, त्यांना प्रश्न विचारू द्या आणि उत्तरं वहीत उतरवून घ्या. जमलं तर आम्हालाही कळवा.

आमच्या चाचांची ढोलकी परवा माळ्यावरून खाली आली. चामडं उंदरांनी कुरतडलंय, बदलावं लागेल. ती उतरवायला त्यांची मुलगीच सासरहून आली होती.