मवाळपणाचा हिशेब

अमेरिकेतील १८६१ ते १८६५ चे यादवी युद्ध म्हणजे गुलामगिरीविरोधी उत्तर आणि गुलामगिरीवादी दक्षिण यांचा सरळ संग्राम, असे चित्र पाठ्यपुस्तकांमुळे मनावर ठसलेले असते. वस्तुस्थिती इतकी सोपी नव्हती. केंटकी, मिसुरी, मेरीलँड व डेलावेअर या राज्यांत गुलामगिरी होती आणि तरीही ती संघराज्यात राहिली. त्यांपैकी केंटकीतील वृत्तपत्रांनी त्या काळात घेतलेली भूमिका आजही तपासून पाहण्याजोगी आहे.

१८६० च्या जनगणनेनुसार केंटकीची लोकसंख्या सुमारे साडेअकरा लाख होती. त्यांत २,२५,४८३ गुलाम होते. लिंकन यांचा जन्मही याच राज्यातला. मे १८६१ मध्ये राज्याने तटस्थता जाहीर केली. परंतु सप्टेंबरमध्ये दक्षिणेच्या फौजा कोलंबस येथे शिरताच विधिमंडळाने संघराज्याची बाजू घेतली. फुटीरतेचा पुरस्कार करणाऱ्या ‘लुइव्हिल कुरियर’ला त्याच महिन्यात शहर सोडावे लागले. संघराज्यनिष्ठ पत्रांत अग्रणी होते ‘लुइव्हिल जर्नल’ व त्याचे संपादक जॉर्ज प्रेंटिस. त्यांचे दोन्ही पुत्र दक्षिणेच्या सैन्यात गेले, त्यांतील एक १८६२ मध्ये मारला गेला. तरीही प्रेंटिस यांनी संघराज्याची बाजू सोडली नाही. त्यांच्या धैर्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

गुलामांच्या मुक्ततेचा प्रश्न निघताच मात्र हेच धैर्य घटनेच्या कलमांआड दडे. गुलाम ही मालमत्ता, तिच्यासंबंधी निर्णयाचा अधिकार राज्याचा, आणि युद्ध केवळ संघराज्य राखण्यासाठी, असा हा युक्तिवाद होता. मार्च १८६२ मध्ये लिंकन यांनी क्रमाक्रमाने मुक्तता करणाऱ्या राज्यांना आर्थिक साहाय्य देण्याची योजना मांडली. १२ जुलै रोजी सीमावर्ती राज्यांच्या प्रतिनिधींना बोलावून त्यांनी बजावले की, युद्ध लांबले तर ही प्रथा झिजूनच नाहीशी होईल व धन्यांच्या हाती काही उरणार नाही. बहुसंख्य प्रतिनिधींनी नकार दिला. १ जानेवारी १८६३ चा मुक्ततेचा जाहीरनामा केंटकीला लागूच नव्हता; तरीही ‘जर्नल’ने त्याच्यावर कडाडून टीका केली.

मार्च १८६४ मध्ये राज्यपाल ब्रॅमलेट यांच्यासमवेत ‘फ्रँकफर्ट कॉमनवेल्थ’चे संपादक अल्बर्ट हॉजेस लिंकन यांना भेटले. केंटकीतील कृष्णवर्णीयांची सैन्यभरती हा तक्रारीचा विषय होता. ४ एप्रिलच्या पत्रात लिंकन यांनी हॉजेस यांना कळविले की, गुलामगिरी अन्याय्य नसेल तर जगात काहीच अन्याय्य ठरणार नाही. आणि घटनांना आपण वळण दिले नसून घटनांनीच आपल्याला वळविले. गुलामगिरीविषयीचे हे प्रसिद्ध वचन एका सीमावर्ती संपादकाची समजूत घालताना लिहिले गेले, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

पुढचा निर्णय अग्रलेखांनी केला नाही. केंटकीतील तेवीस हजारांहून अधिक कृष्णवर्णीय पुरुष सैन्यात दाखल झाले. लुइझियाना वगळता एवढी संख्या अन्य कोणत्याही राज्याची नव्हती. सैन्यात जाणारा मुक्त होई. मार्च १८६५ च्या कायद्याने त्याची बायकामुलेही मुक्त झाली. तरीही १८६४ च्या निवडणुकीत केंटकीने लिंकन यांच्याविरुद्ध मॅक्लेलन यांना मते दिली आणि फेब्रुवारी १८६५ मध्ये विधिमंडळाने तेरावी घटनादुरुस्ती फेटाळली. डिसेंबरमध्ये ती देशभर अमलात आली. तीत भरपाईची तरतूद नव्हती. केंटकीने तिला मान्यता दिली ती १९७६ मध्ये.

हिशेब असा की, १८६२ मध्ये जे मोबदला घेऊन देता आले असते, ते १८६५ मध्ये मोबदल्याविना द्यावे लागले. धन्यांचे नुकसान पैशाचे होते. मधल्या काळाची खरी किंमत गुलामांनी मोजली, आणि ती कोणत्याही वहीत मांडली गेली नाही. ज्यांच्या भवितव्याचा खल चालला होता, त्यांना वृत्तपत्रांत जागा मिळे ती जाहिरातींच्या रकान्यांत : पळालेल्याचे वर्णन आणि पकडून देणाऱ्यास बक्षीस.

जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील सदाचारी लोकांना, त्यांनी गुलामांना दास्यातून सोडविल्याबद्दल, अर्पण केला. त्या गौरवात केंटकीच्या संपादकांचा वाटा किती, हे उघड आहे. ते दुष्ट नव्हते. विद्वान होते, घटनानिष्ठ होते, प्रसंगी शूरही होते. परंतु ‘ही वेळ योग्य नाही’ असे लिहिताना वेळ कोणाची जात आहे, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही. मध्यममार्गाचा अभिमान बाळगणाऱ्या प्रत्येक लेखणीने तो प्रथम विचारावयास हवा.