फोटो छान आला, पण टिटवीचं काय?

शिक्षक मित्रहो आणि पालकांनो, आधी माझीच चूक सांगतो.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये 'परिसरातील पक्षी' हा उपक्रम दिला होता. मोबाईलवर फोटो काढा, नाव शोधा, माहिती लिहा. सातवीतली एक मुलगी दुसऱ्याच दिवशी धावत आली. "सर, टिटवीची अंडी!" वस्तीकडेच्या मोकळ्या प्लॉटवर खडीत चार अंडी, मातकट रंगाची, काळे ठिपके असलेली. तिनं अगदी वरून, वीतभर अंतरावरून फोटो घेतला होता. फोटो खरंच सुंदर होता. मी 'शाब्बास' म्हणून तो वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, जागेसकट.

मग काय, पोरांची रीघ लागली. कुणी अंड्यांशेजारी पेन ठेवून फोटो काढला, कुणी गवत उपटून 'फ्रेम' मोकळी केली. टिटवी डोक्यावर ओरडत झेपावत होती, तिचाही व्हिडिओ झाला. चौथ्या दिवशी अंडी नव्हती. कावळ्यानं नेली की कुत्र्यानं, माहीत नाही. रस्ता मात्र आम्ही दाखवला होता.

टिटवी घरटं विणत नाही, उघड्या जमिनीवर अंडी घालते. ती वाचतात ती केवळ रंगामुळे, दगडांत दिसतच नाहीत म्हणून. सुमारे चार आठवडे उबवावी लागतात. पण पिंपळगावच्या एप्रिल-मेच्या उन्हात खरं काम ऊब देण्याचं नसतं, सावली धरण्याचं असतं. नर-मादी आळीपाळीनं बसतात, पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून येतात आणि अंडी गार ठेवतात. आपण दहा मिनिटं तिथं उभे राहिलो की ती दहा मिनिटं अंडी थेट उन्हात भाजतात. आपल्याला वाटतं, "हात तर लावला नाही ना!"

आमच्याकडची जुनी माणसं टिटवीनं अंडी उंचवट्यावर घातली की खोलगट जागी, यावरून पावसाचा अंदाज बांधायची. अंदाज खरा ठरायचा की नाही हा वेगळा विषय. पण बघायची ती बांधावरून. नांगरताना तेवढा तुकडा सोडणारे शेतकरी मी स्वतः पाहिले आहेत.

आणि कायदा? 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी वा घरटी विस्कटणं, त्यांना त्रास पोहोचवणं येतं. म्हणजे बंदूक नसली तरी चालते. हे वाचलं तेव्हा मी जरा वेळ गप्पच बसलो.

आपण भाग्यवान आहोत. निफाडमार्गे गेलं की नांदूर मध्यमेश्वर. गोदावरी-कादवा संगमावरच्या बंधाऱ्यामागे तयार झालेली ही पाणथळ जागा 2020 मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झाली. हिवाळ्यात परदेशी बदकं, करकोचे येतात, सहली जातात. तिथं एकदा एका पालकांनी थवा उडावा म्हणून जोरात टाळ्या वाजवल्या, "उडतानाचा फोटो भारी येतो ना सर." आला भारी. पण हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला परतीच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवायची असते. दर उडवणीला ती खर्च होते. एका टाळीनं काही होत नाही हो, पण रविवारी टाळ्या वाजवणारे किती असतात!

वाढदिवसाच्या, लग्नाआधीच्या शूटिंगमध्ये नदीकाठी रंगीत धूर सोडणं, चमकीचे कागद उडवणं हेही आता आपल्या गावापर्यंत आलंय. त्यावर पुन्हा कधीतरी लिहीन.

माझं मत स्पष्ट आहे. दोष मोबाईलचा नाही, पोरांचाही नाही. जवळून काढलेल्या फोटोला आपण जास्त गुण देतो, म्हणून पोरं जवळ जातात. यंदा मी फोटोचे गुणच काढून टाकले. घरट्याचा फोटो आणला तर उपक्रम बाद, जागा ग्रुपवर टाकायची नाही, आणि पक्षी ओरडायला लागला की मागे सरकायचं, एवढेच नियम. पाहणी लांबून करायची आणि वहीत वेळ टाकून लिहायची. काही पालक नाराज झाले. "सर, प्रदर्शनात लावायला काहीतरी पाहिजे ना?" त्यांचंही बरोबर आहे, वहीचं पान भिंतीवर उठून दिसत नाही.

यंदाही टिटवी आली, शाळेच्या कुंपणाबाहेर. तीच मुलगी, आता आठवीत. खिडकीतून बघून तिनं लिहिलंय: "10.40, उठली. नाल्याकडे गेली. दुसरी लगेच बसली. 10.52, परत आली. पोट ओलं दिसतंय. बदली झाली."

ग्रुपवर कुणीतरी विचारलंय, फोटो कुठाय? अजून उत्तर दिलेलं नाही. अंडी फुटायला आठवडा बाकी आहे.