पालकत्व हवे, पण माणसाचा आवाज बंद करून नको

साकोली, पवनी, लाखांदूरच्या वस्त्यांत फिरताना आपल्या कार्यकर्त्यांना एक प्रश्न हमखास ऐकू येतो : “आमच्या मागे या लेकराचं कसं होईल?” लेकरू तीस वर्षांचे असते, बौद्धिक दिव्यांग असते.

आपण जन्मदाते म्हणजे कायमचे पालक, असे बहुतेक आईवडिलांना वाटते. कायदा तसे मानत नाही. मूल अठरा वर्षांचे झाले की नैसर्गिक पालकत्व संपते. मग बँकेत सही कोणाची? धानाच्या बांधीतला हिस्सा सांभाळायचा कोणी? उत्तर नसले की तो हिस्सा भावकी गिळते.

यासाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक व बहुविध दिव्यांगत्व असलेल्या प्रौढांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समिती पालक नेमते. पालकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशेब द्यायचा असतो. छळ किंवा अफरातफर झाल्यास त्याला हटवताही येते.

पण पालकत्व म्हणजे मालकी नव्हे. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा ‘मर्यादित पालकत्व’ सांगतो : ठरावीक निर्णयासाठी, ठरावीक मुदतीसाठी आणि त्या व्यक्तीच्या इच्छेनुसार. मदत करणाऱ्याचाच मालमत्तेत स्वार्थ असेल, तर त्याने त्या निर्णयातून दूर राहावे, असेही तो बजावतो. आपल्या वतीने दुसऱ्यानेच सारे ठरवणे म्हणजे काय असते, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको.

कोमातील रुग्णांसाठी मात्र अजूनही पोकळीच आहे. २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कोमातील पतीसाठी पत्नीला पालक नेमले, ते कायद्यात तरतूद नसल्याने आपला विशेष अधिकार वापरून. भंडाऱ्याच्या मजूर कुटुंबाने त्यासाठी नागपूर खंडपीठ गाठायचे का? ही सोय जिल्हा पातळीवर हवी, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

तोवर हातात आहे ते करू. प्रत्येक विहाराने आपल्या वस्तीतील अशा कुटुंबांची यादी करावी. समितीकडे अर्ज भरून द्यावेत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून दिव्यांगांना आणि अनुसूचित जातींना वकील मोफत मिळतो, तो मागावा. आणि अर्ज भरण्याआधी त्या माणसाजवळ बसून त्यालाच विचारावे : तुला कोणाजवळ राहायचे आहे?

संविधानाने दिलेली प्रतिष्ठा बुद्ध्यांक मोजून मिळत नाही.