पेला गेला, बाटली राहिली

वैनगंगेला राज्याची सीमा ठाऊक नाही. बालाघाटजवळ पात्रात पडलेली बाटली पुराबरोबर महाराष्ट्रात उतरणार, हे सांगावयास तज्ज्ञ नको. १ जुलै २०२२ पासून केंद्र सरकारने प्लॅस्टिकचे पेले आणि शीतपेयाच्या नळ्या यांवर देशभर बंदी घातली. पाण्याची बाटली मात्र सुटली. कचऱ्याची जबाबदारी उत्पादकावर टाकणारे नियम त्याच वर्षी आले खरे, पण ग्राहकाला रिकाम्या बाटलीचे पैसे देण्याची सक्ती त्यांत नाही. दंड भरावा रसवंतीवाल्याने आणि बाटली भरणारा कारखानदार नामानिराळा, हा न्याय आम्हास मान्य नाही.

महाराष्ट्राने मध्य प्रदेशाकडे बोट दाखविण्याचेही कारण नाही. आपल्या २०१८ च्या बंदीतील बाटल्या परत घेण्याची तरतूद बव्हंशी कागदावरच राहिली. उलट तामिळनाडूने २०२२ साली निलगिरीत मद्याच्या प्रत्येक बाटलीमागे १० रुपये जादा घेऊन, बाटली परत येताच ते देण्याची पद्धत सुरू केली. पैसा मिळणार म्हटल्यावर बाटली रानात कोण टाकील? दोन्ही राज्यांनी वैनगंगेच्या काठी हाच उपाय प्लॅस्टिकच्या बाटलीस लावावा. बंदीचा बडगा गरिबावर आणि सवलत बड्यांना, अशाने नदी स्वच्छ होणार नाही.