शिकवणीचा खर्च वहीत कोठे लिहायचा?

दुकानाची वही उघडली की त्यात भाडे सापडते, वीजबिल सापडते, हमाली आणि टेम्पोचे पैसे सापडतात. मुलांच्या शिकवणीवर दर महिन्याला जाणारी रक्कम मात्र सापडत नाही. ती गल्ल्यातून परस्पर उचलली जाते आणि घरखर्चात विरून जाते. आमच्या एखाद्या व्यापारी बांधवास विचारावे की मुलाची शिकवणी केवढ्याला पडते, तर 'जातात हजार-दीड हजार' असे मोघम उत्तर येते. मालाच्या खरेदीबाबत असे उत्तर देणाऱ्याचे दुकान किती दिवस चालेल?

पेण तालुक्यातील डोलवीचे उदाहरण घेऊ. धरमतर खाडीच्या काठी, मुंबई-गोवा महामार्गालगतचे हे गाव. येथील इस्पातचा पोलाद कारखाना २०१० साली जेएसडब्ल्यूने घेतला आणि पुढे त्याची क्षमता वर्षाला ५० लाख टनांवरून १ कोटी टनांवर नेली. असा कारखाना आला की परिसरात दोन प्रकारचा पैसा फिरू लागतो. एक पगाराचा, ठरल्या तारखेला येणारा. दुसरा आपला, म्हणजे गॅरेजवाल्याचा, वेल्डरचा, फर्निचरवाल्याचा, किराणा दुकानदाराचा. तो कधी येतो, कधी उधारीत अडकतो. खोलीचे भाडे असो वा शिकवणीची फी, भाव ठरतो तो पहिल्या पैशाच्या ऐपतीवर. आपण तो दुसऱ्या पैशातून भरतो.

त्यात फीची वेळ पाहा. क्लासची फी जूनमध्ये मागतात. जून ते ऑगस्ट कोकणात बांधकाम थंडावते, रंगकाम बंद, फॅब्रिकेशनची कामे रखडलेली. पगारदाराला जून आणि डिसेंबर सारखेच. आपल्याला नाही. तरीही 'एकरकमी भरा, सूट मिळेल' म्हटले की आपण उसनवारी करून भरतो, कारण सूट हा शब्द व्यापाऱ्याच्या कानाला गोड लागतो. आमच्या घरातील एका मुलाची फी आम्ही अशीच जूनमध्ये भरली. गणपतीच्या सुमारास गणिताचे सर क्लास सोडून गेले, पुढे दोन महिने त्या तासाला कोणीच उभे राहिले नाही. पैसे परत मागितले तर पावतीच्या मागे बारीक अक्षरांत छापलेली ओळ दाखवण्यात आली. घाऊक बाजारात दहा वेळा बिल उलटून पाहणारे आम्ही, ती पावती उलटून पाहिली नव्हती.

केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये राज्यांना पाठवलेल्या मार्गदर्शक सूचनांत, विद्यार्थी मध्येच क्लास सोडत असेल तर उरलेल्या काळाची फी १० दिवसांत परत करावी, असे म्हटले आहे. परंतु त्या सूचना ५० हून अधिक विद्यार्थ्यांच्या क्लाससाठी आहेत. गल्लीतल्या क्लासला त्या लागू होत नाहीत. तेथे आपली सावधगिरी हाच कायदा. फी महिन्याच्या महिन्याला द्यावी, सूट गेली तरी चालेल.

कराचीही एक बाब आहे. मोठ्या क्लासच्या फीवर १८ टक्के जीएसटी लागतो, आणि मुलाच्या फीवर भरलेला हा कर दुकानाच्या करात वळता करून घेता येत नाही. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या शिक्षकाला ही नोंदणीच लागत नाही. जुन्या पद्धतीने प्राप्तिकर भरणाऱ्याला शाळा-कॉलेजच्या शिक्षण शुल्कावर वजावट मिळते, खासगी शिकवणीवर मिळत नाही. म्हणजे शिकवणीचा रुपया पूर्णपणे आपल्या खिशातला असतो.

२०२५ मध्ये केंद्राच्या सांख्यिकी खात्याने केलेल्या पाहणीत देशातील सुमारे २७ टक्के विद्यार्थी खासगी शिकवणी घेत असल्याचे दिसले. शहरांत हे प्रमाण ३०.७ टक्के आणि खेड्यांत २५.५ टक्के. शिकवणी हा आता शहरी शौक राहिलेला नाही. अकरावी-बारावीच्या मुलामागे वर्षाचा सरासरी खर्च शहरात ९,९५० रुपये आणि खेड्यात ४,५४८ रुपये निघाला, आणि या सरासरीत एक पैसाही न खर्चणारी मुले धरलेली आहेत. जो खर्च करतो त्याचा आकडा याहून बराच मोठा.

आता हिशेब मांडू. आकडे समजण्यापुरते आहेत, आपापल्या गावचे घालून पाहावेत. समजा, चाळीस मुलांचा क्लास महिना ८०० रुपये घेतो आणि महिन्यात २४ तास शिकवतो. तासाला ३३ रुपये पडले. स्वस्त वाटते. पण साठ मिनिटांत चाळीस मुले, म्हणजे आपल्या मुलाच्या वाट्याला दीड मिनिट. दुसरीकडे, घरी येणारे सर ३,००० रुपये घेतात आणि १२ तास देतात. तासाला २५० रुपये. पूर्ण लक्ष, पण परवडते किती जणांना?

तिसरा मार्ग असा. मोहल्ल्यातील सहा घरांनी मिळून एक शिक्षक ठेवावा. महिना ६,००० रुपये, आठवड्यातून पाच दिवस, रोज दीड तास. महिन्याचे ३० तास होतात, प्रत्येक घराला १,००० रुपये पडतात, म्हणजे तासाला तेच ३३ रुपये. आणि मुलाच्या वाट्याला रोज पंधरा मिनिटे. भाव क्लासचाच, माल सहापटीहून अधिक.

हे काही नवे नाही. मकतबचा मुअल्लिम आपण कसा ठेवतो? कोणी एकटा त्याचा पगार देत नाही. जमात वर्गणी काढते, ज्याला जमेल तो जास्त देतो, ज्याची तंगी आहे त्याच्या मुलाला कोणी उठवून लावत नाही. ही व्यवस्था पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे, तिचा हिशेब ठेवणारी माणसे गावोगाव आहेत. मग गणित आणि इंग्रजी म्हटले की प्रत्येक जण एकेकटा बाजारात का जातो, हे आम्हास कधीच कळले नाही.

शिक्षक कोठून आणायचा, असे विचारले जाईल. शाळेतल्या सरांकडे जाऊ नये. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ नुसार शाळेच्या शिक्षकाला खासगी शिकवणी घेण्यास मनाई आहे. पण २०१२ पासून काही वर्षे राज्यात शिक्षकभरती जवळजवळ बंद होती. त्या काळात डी.एड., बी.एड. होऊन घरी बसलेली माणसे आपल्याच वस्त्यांत आहेत, आणि त्यांत आपल्या मुली-सुना पुष्कळ. त्यांना सन्मानाचे मानधन द्यावे. 'आपलीच पोरगी आहे, तिला काय द्यायचे' हे धोरण आम्हास मुळीच मान्य नाही. मानधन बुडाले की तिसऱ्या महिन्यात शिकवणीही बुडते.

याचा सर्वांत मोठा फायदा मुलींना आहे. हात आखडला की आधी मुलीचा क्लास बंद होतो, आणि त्याला कारण नेहमी पैशाचे सांगितले जात नाही. संध्याकाळी हायवे ओलांडून जायचे, पावसात रिक्षा मिळत नाही, असे सांगितले जाते. काही वेळा ते खरेही असते. मोहल्ल्यातच वर्ग भरला तर ते कारण उरत नाही.

काही बांधव म्हणतात, पोराला शेवटी दुकानातच बसायचे आहे, एवढा खर्च कशाला. आम्ही कारागिरांनाच साक्षीला बोलावतो. कारखान्याच्या ठेक्यात ड्रॉइंग वाचणारा आणि ते न वाचता नुसता टाका मारणारा, यांची मजुरी सारखी असते काय? मोजमापाचे बिल, पीएफचा भरणा, जीएसटीचे विवरणपत्र हे सारे दुसऱ्याकडून करून घेणारा चांगला वेल्डरसुद्धा आयुष्यभर कोणाच्या तरी हाताखाली राहतो. अपूर्णांक आणि टक्केवारी सहावी-सातवीत कच्ची राहिली, की ती पुढे ठेक्याच्या बिलात नडते.

मात्र पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवणीला घालण्याची टूम आम्हास पसंत नाही. तेवढे पैसे राखून ठेवावेत आणि आठवी-नववीत लावावेत, तेही एक-दोन विषयांनाच.

शाळा जूनमध्ये उघडतात, तेव्हा बोलणी त्याआधी, एप्रिल-मे मध्येच, गावी आलेली मंडळी असताना व्हावीत. सहा घरे ठरली की जागेसाठी जमातीकडे शब्द टाकावा. फळा, सतरंजी आणि दोन ट्यूबलाइट यांचा खर्च एकदाच येतो. आणि हिशेबाची वही दुकानदारापेक्षा एखाद्या आईच्या हाती द्यावी; मूल कोणत्या दिवशी गेले नाही, हे तिला आपल्याआधी कळते.