कुली, कोयता अन् बॉलपेन

एक शब्द इंग्रज, फ्रेंच, डच, जर्मन सगळ्यांच्या कोशात सापडतो : कुली. माल इथला, शिक्का त्यांचा.

मुळावरून पंडित भांडतात. एक म्हणतो, गुजरातच्या कोळ्यांवरून आला. दुसरा म्हणतो, तमिळ 'कूलि'वरून. कूलि म्हणजे मजुरी. पहिलं खरं असेल तर एका जमातीचं नावच ओझ्याखाली गेलं. आमच्या तापीकाठच्या टोकरे कोळ्यांनी हे ऐकून ठेवावं. दुसरं खरं असेल तर शब्दातून मजुरी गळाली, मजूर तेवढा उरला. कसंही धरा, लुटला गेला तो माणूसच.

१८३४ पासून गिरमिटिये मॉरिशसच्या उसात गेले. त्यांत मराठी माणसंही होती. मळेवाल्यांच्या तोंडी सगळे कुली. ती भरती १९१७ साली बंद झाली म्हणे. पण नंदुरबारची माणसं आजही मुकादमाची उचल घेऊन गुजरातेत ऊस तोडायला जातात. तिथल्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. माणसाला हत्याराचं नाव! जर्मनीत बरोबर उलटं. तिथं बॉलपेनला 'कुली' म्हणतात. शाईचा हमाल!

मी दिवसा गोदीत ओझी उचलतो, रात्री कविता लिहितो. म्हणजे दोन्ही अर्थांनी कुली. कबूल. पण हा कुली आता मुकादमाच्या वहीत घुसणार. 'कोयता' खोडून तिथं दोन माणसांची दोन नावं लिहिणार. अन् प्रत्येक नावापुढं कूलि, तमिळ अर्थानं : बाईची वेगळी, बाप्याची वेगळी, अन् दोन्ही पुरत्या.